पहिला कॅमेरा घेताना

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. माझा भाचा तेव्हा अकरावीत होता. सुट्टीत एका दुकानात काम करून आणि दोन वर्षांची ईदी न मोडता त्याने २५,००० रुपये साठवले होते. एके दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘मामू, मला डीएसएलआर कॅमेरा घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतात, जास्त मेगापिक्सेलचा घे. मला आणखी वीस हजार उसने द्याल का?’’

मी विचारले, ‘‘तुला फोटो कोणाचे काढायचे आहेत?’’

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, ‘‘सर्वांत आधी नानींचा. त्यांचा एकच फोटो आहे आपल्याकडे. तोही आधार कार्डावरचा.’’

पैसे देण्याआधी मी त्याला काही गोष्टी समजावून सांगितल्या. त्या तुम्हांलाही उपयोगी पडतील.

‘कॅमेरा’ हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ खोली. आपला ‘कमरा’ हा शब्दही त्याच मुळातून आला आहे. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र असेल, तर बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पडते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग केले. ‘किताबुल मनाझिर’ हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. आजचा कॅमेराही अशीच एक लहानशी अंधारी खोली आहे. छिद्राच्या जागी भिंग असते आणि भिंतीच्या जागी सेन्सर.

डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे एक तिरपा आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश या आरशावरून वर वळतो आणि आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून भिंगासमोर जे आहे, तेच आपल्याला दिसते. आपण बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. ‘खटक्’ असा आवाज येतो तो त्याचाच.

आता मेगापिक्सेलचे पाहू. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत २ कोटी ४० लाख ठिपके असतात. पण ६ इंच लांब व ४ इंच रुंद असा फोटो छापायला किती ठिपके लागतात? चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके धरतात. म्हणजे १,८०० गुणिले १,२००. हे झाले साधारण २२ लाख ठिपके. तेव्हा घरातल्या फोटोंसाठी २४ मेगापिक्सेल भरपूर झाले. त्याहून जास्त आकड्यासाठी कर्ज काढायची गरज नाही.

मग पैसा कशावर खर्च करावा? भिंगावर. नव्या डीएसएलआरबरोबर बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरचे भिंग मिळते. उघड्यावर, उन्हात ते उत्तम काम करते. घरात मात्र उजेड कमी असतो. भिंगाचे छिद्र किती उघडते, हे एका आकड्याने सांगतात. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. साध्या भिंगाचा आकडा ५० मिलिमीटरच्या आसपास ५.६ एवढा असतो. ५० मिलिमीटरचेच १.८ आकड्याचे भिंग घेतले, तर त्यातून सुमारे नऊ ते दहा पट प्रकाश आत येतो. त्यामुळे शटर लवकर मिटते आणि हात थोडा हलला तरी फोटो सहसा पुसट होत नाही. चेहऱ्याचे फोटो काढायलाही हे भिंग सोयीचे असते. एका कंपनीचे भिंग दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला सहसा बसत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

अलीकडच्या वर्षांत कॅनन आणि निकॉन या मोठ्या कंपन्यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर भर दिला आहे. डीएसएलआरसाठी नवी भिंगे आता फारशी निघत नाहीत. पण त्यामुळेच वापरलेले डीएसएलआर कमी किमतीत मिळतात. शिकणाऱ्याला ते पुरेसे आहेत.

वापरलेला कॅमेरा घेताना घाई करू नये. शटर किती वेळा उघडले, ते विचारावे. निकॉनचा डी ३५०० हा कॅमेरा २०१८ मध्ये आला. त्याचे शटर एक लाख वेळा उघडून तपासलेले असते. भिंग उजेडाकडे धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी आणि ते भिंग घेऊ नये. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यात डाग दिसतात का, तेही तपासावे. पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावा.

भाच्याने हे सर्व वहीत लिहून घेतले. महिनाभर तो चौकशी करत फिरला. शेवटी वापरलेला, पण चांगल्या स्थितीतला एक कॅमेरा त्याला मिळाला. ५० मिलिमीटरचे भिंगही त्याच पैशांत बसले. उसने मागायची वेळ आली नाही.

आमच्या घराला एकच मोठी खिडकी आहे. सकाळी त्या खिडकीशी बसून अम्मी तांदूळ निवडत होती. दिवा न लावता भाच्याने तिचा फोटो काढला. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती त्यात स्पष्ट आली होती.

छापलेला फोटो अम्मीने बराच वेळ हातात धरला. मग चष्मा सारखा करत ती भाच्याला म्हणाली, ‘‘बेटा, याच्या आणखी चार प्रती काढ. तीन तुझ्या खालांना दे आणि एक मामूला.’’