दोन खोल्यांचे व्हिएन्ना

परदेशच्या सहलीचा विचार सुरू झाला, की आपल्या घरांत विमानाच्या तिकिटाआधी चर्चा होते ती जेवणाची. कंदमूळ वर्ज्य, अंडे वर्ज्य, भोजन सूर्यास्तापूर्वी, पाणी गाळून उकळलेले; या चार गोष्टी सांभाळायच्या तर उपाहारगृहांच्या भरवशावर आठ दिवस काढणे वडीलधाऱ्यांना जड जाते. म्हणूनच आजवर अनेक कुटुंबे स्वयंपाकी महाराज सोबत असलेल्या सहलींतून प्रवास करीत आली. अलीकडे दुसरा मार्गही रूढ होत आहे. शहराच्या मध्यभागी एक लहानशी सदनिका काही दिवसांसाठी भाड्याने घ्यायची, सकाळचा नाश्ता घरी करायचा, दिवसभर शहर पाहायचे आणि वेळेत परतून आपल्या हातचे जेवायचे. या मार्गात सोय आहे, काटकसर आहे, आणि एक असा प्रश्नही आहे जो सहसा विचारला जात नाही. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना समोर ठेवून तिन्हींचा विचार करू.

जुन्या इमारतींचा गाभा

सम्राट फ्रान्झ जोसेफ याने १८५७ मध्ये व्हिएन्नाची तटबंदी पाडण्याचा आदेश दिला. तिच्या जागी झालेला रिंगस्ट्रासे हा रुंद राजमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. या मार्गाच्या आतला पहिला विभाग म्हणजे जुने शहर. मध्यभागी संत स्टीफनचे कॅथीड्रल असून त्याचा दक्षिण मनोरा सुमारे १३६ मीटर उंच आहे. त्याच चौकाखाली यू-१ आणि यू-३ हे भुयारी रेल्वेमार्ग एकमेकांस छेदतात. त्यामुळे या भागात किंवा त्याला लागून राहणाऱ्या कुटुंबास बरेचसे शहर पायी पाहता येते, आणि दुपारी थकलेल्या आजींना घरी आणून सोडणेही कठीण जात नाही.

भाड्याने मिळणाऱ्या सदनिका पुष्कळदा १९१४ पूर्वीच्या इमारतींत असतात. उंच छत, एकामागे एक अशा दुहेरी खिडक्या आणि पायाखाली लाकडी जमीन. जागा मात्र बेताची : एक-दोन खोल्या, भिंतीलगत छोटा ओटा आणि रात्री पलंग होणारा सोफा. मजल्यांची गणती आपल्यास चकवणारी असते. तळमजला, त्यावर ‘उंच तळमजला’, कोठे त्यावर ‘मेझानिन’, आणि त्यानंतर पहिला मजला. जाहिरातीत ‘पहिला मजला’ वाचून निर्धास्त झालेल्यास लिफ्ट नसेल तर तीन जिने चढावे लागतात. म्हणून मजला विचारण्याऐवजी पायऱ्या किती आणि लिफ्ट आहे का, हे विचारावे.

यांपैकी काही इमारतींच्या सामाईक मार्गिकेत आजही ओतीव लोखंडाचे एक जुने पाणपात्र भिंतीला दिसते. त्याला ‘बसेना’ म्हणतात. घरोघरी नळ नव्हते तेव्हा त्या मजल्यावरील सर्व बिऱ्हाडे येथेच पाणी भरीत, आणि पाण्याबरोबर साऱ्या इमारतीच्या बातम्याही तेथेच मिळत. मुंबईच्या चाळीतील सामाईक नळ ज्यांना आठवतो, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पाणी, चूल आणि घड्याळ

व्हिएन्नाचे पाणी हा त्या शहराचा अभिमान आहे. आल्प्स पर्वतातील झऱ्यांचे पाणी शहरात आणणारी पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये आणि दुसरी १९१० मध्ये सुरू झाली. उताराच्या बळावर हे पाणी शहरापर्यंत पोहोचते आणि नळातून थेट पिता येते. ज्यांचा नियम गाळून उकळण्याचा आहे त्यांनी गाळण्याचे स्वच्छ वस्त्र सोबत न्यावे. उकळण्यासाठी विजेची किटली बहुतेक घरांत असते.

शेगडी बहुधा विजेची, अनेकदा इंडक्शनची असते. तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. चुंबक चिकटेल असा सपाट तळ लागतो. मूगडाळ, तांदूळ, पोहे, खाखरे, मसाल्याची डबी हे आपले नेहमीचे सामान सुखाने जाते. दूध, तूप, पनीर मात्र युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने सोबत नेण्यास मनाई आहे. ताज्या भाज्या, बहुतेक ताजी फळे आणि कढीपत्ता यांनाही रोपस्वास्थ्य प्रमाणपत्र लागते. तेव्हा लोणी, दूध, भाजी तेथेच घ्यावी. नाशमार्क्ट या जुन्या बाजारात भाजी, फळे, कडधान्ये, सुकामेवा यांची रांगच असते. रविवारी हा बाजार आणि शहरातील बहुतेक दुकाने बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतील थोडी दुकाने तेवढी उघडी असतात. शनिवारी संध्याकाळपर्यंत शिधा भरून ठेवणे शहाणपणाचे.

सूर्यास्ताचा हिशेब निघण्याआधीच करावा. मे महिन्यात तेथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो आणि जूनच्या उत्तरार्धात नऊच्या सुमारास. दिवसभर फिरून, घरी येऊन, खिचडी शिजवून जेवायला वेळ उरतो. दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या आरंभी, हाच सूर्यास्त पावणेपाचच्या सुमारास होतो आणि डिसेंबरात चारच्या सुमारास. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी मुख्य भोजन दुपारी घरीच होईल अशी आखणी करावी. मध्यवर्ती घराचे खरे मोल येथे कळते.

बाहेर काही घ्यायचेच झाले, तर ऑस्ट्रियातील उपाहारगृहांची एक पद्धत आपल्या कामाची आहे. पदार्थापुढे ॲलर्जी असणाऱ्यांसाठी अक्षरे छापलेली असतात. त्यांत ‘सी’ म्हणजे अंडे, ‘जी’ म्हणजे दूध, ‘एल’ म्हणजे सेलरी. कांदा, लसूण, बटाटा आणि जिलेटिन या यादीत येत नाहीत. ते तोंडी विचारावे लागते. त्स्वीबेल म्हणजे कांदा, क्नोब्लाउख म्हणजे लसूण आणि एर्डॅप्फेल म्हणजे बटाटे, एवढे तीन शब्द कागदावर लिहून जवळ ठेवले तरी पुरे.

शेजारधर्म

हॉटेलात आजूबाजूला प्रवासी असतात; सदनिकेच्या भिंतीपलीकडे मात्र कुणाचा तरी संसार असतो. उद्या पहाटे कामावर जाणारा माणूस, लहान बाळाची आई, एकट्या राहणाऱ्या आजी. रात्री दहा ते सकाळी सहा ही तेथे शांततेची वेळ मानली जाते. लाकडी जमिनीवर मुलांची धावपळ खालच्या घरी छतावर वाजल्यासारखी ऐकू जाते. स्नानगृहाच्या जमिनीस बहुधा पाणी वाहून जाण्याची मोरी नसते, म्हणून बादली-तांब्याने स्नान करू नये. पाणी खालच्या घराच्या छतात उतरते. कचरा वेगळा करावा लागतो : कागद, काच, प्लास्टिक व धातू, ओला कचरा, आणि उरलेला. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांवर २०२५ पासून २५ सेंट अनामत घेतली जाते. रिकामी बाटली दुकानात परत दिली की ती मिळते.

घर नेमके कोणाचे?

आता तो न विचारला जाणारा प्रश्न. प्रवाशाला चार रात्रींसाठी दिलेले घर महिन्याच्या भाड्यापेक्षा अधिक मिळकत देते. एका मालकाने असे केले तर फरक पडत नाही. पण इमारतींमागून इमारती याच व्यवहाराकडे वळल्या, की तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना घर मिळेनासे होते. बार्सिलोनाने या कारणास्तव सुमारे दहा हजार पर्यटक-सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर न चालू ठेवण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. ॲमस्टरडॅममध्ये घरमालकास आपले घर वर्षाला फार तर ३० रात्री देता येते.

व्हिएन्नाची भूमिका तिच्या इतिहासातून आली आहे. पहिल्या महायुद्धानंतर या शहराने कामगारांसाठी घरे बांधण्याचे काम स्वतःच्या शिरावर घेतले. १९३० मध्ये खुली झालेली, एक किलोमीटरहून लांब असलेली कार्ल-मार्क्स-होफ ही वसाहत त्याची साक्ष आहे. आजही शहरातील जवळपास निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. महापालिकेची घरे प्रवाशांना भाड्याने देता येत नाहीत. १ जुलै २०२४ पासून खाजगी राहते घरदेखील वर्षाला ९० दिवसांपेक्षा अधिक काळ प्रवाशांना द्यायचे असेल, तर विशेष परवानगी लागते.

आपण व्यापारी आहोत. विकणाऱ्याला तो माल विकण्याचा अधिकार आहे का, हे पाहिल्यावाचून आपण सौदा करीत नाही. अचौर्याचा आपल्याकडचा अर्थही केवळ चोरी न करणे इतका अरुंद नाही. न दिलेले घेऊ नये, असा तो आहे. स्वस्त पडते म्हणून विनापरवाना घरात उतरणे म्हणजे दुसऱ्याच्या निवाऱ्यातून आपली सोय करून घेणे होय. त्यात व्यवहाराचा धोकाही आहेच. व्हिसाच्या अर्जात निवासाचा पुरावा द्यावा लागतो, आणि ऑस्ट्रियात पाहुण्यांची नोंद आगमनापासून २४ तासांच्या आत व्हावी लागते. ज्या मालकाला ही नोंद टाळायची असते, त्याच्याशी व्यवहार न केलेला बरा.

म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी चार गोष्टी लेखी विचाराव्यात. हे घर प्रवाशांना देण्याची परवानगी आहे का, पाहुण्यांची नोंद कोण करील, स्थानिक कर भाड्यात धरला आहे का, आणि अडचण आल्यास कोणाला बोलवायचे. सरळ उत्तर आले तर निश्चिंत मनाने जावे. उत्तर टाळले गेले तर स्वयंपाकघरासह खोल्या देणारी परवानाधारक निवासस्थाने व्हिएन्नात आहेत. तेथे थोडे अधिक द्यावे लागले तरी ते हिशेबात धरावे. निघताना ओटा पुसून, भांडी जागेवर ठेवून, कचरा त्या त्या पेटीत टाकून किल्ली परत करावी. पुढच्या वेळी त्या इमारतीत येणाऱ्या भारतीय कुटुंबाचे स्वागत कसे होईल, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.