पहिल्या विमानाचे मेकॅनिक : चार्ली टेलर

चार्ल्स एडवर्ड टेलर हे राइट बंधूंच्या सायकल दुकानातले पगारी मेकॅनिक. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवरून जे विमान उडाले, त्याचे इंजिन त्यांनी घडवले होते. त्यांचा जन्म २४ मे १८६८ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, सेरो गोर्डो गावाजवळच्या एका लाकडी घरात झाला. बाराव्या वर्षी शाळा सुटली. नेब्रास्कातल्या लिंकन शहरात एका वृत्तपत्राच्या बांधणीखात्यात पोऱ्याचे काम मिळाले आणि हळूहळू हात यंत्रांकडे वळला.

१८९४ मध्ये हेन्रिएटा वेबर्ट यांच्याशी लग्न झाले. संसारासाठी टेलर ओहायोतल्या डेटनला आले आणि शेतीची अवजारे व सायकली बनवणाऱ्या कारखान्यात लागले. राइट बंधूंच्या दुकानाची इमारत हेन्रिएटाच्या नातलगांची होती. या सोयरिकीतूनच ओळख झाली. जून १९०१ मध्ये आठवड्याला १८ डॉलर पगारावर ते दुकानात रुजू झाले. विल्बर आणि ऑर्व्हिल ग्लायडरच्या प्रयोगांसाठी किटी हॉकला जात, तेव्हा सायकलींची दुरुस्ती आणि गिऱ्हाइके टेलरच सांभाळत. गल्ला विश्वासाने हवाली करून जाता येईल असा माणूस मिळाला नसता, तर ते प्रयोग इतक्या निर्धास्तपणे झाले नसते.

१९०२ च्या अखेरीस इंजिनाचा प्रश्न उभा राहिला. निदान आठ अश्वशक्तीचे, पण वजनाला हलके इंजिन बंधूंना हवे होते. मोटार कंपन्यांना पत्रे गेली, परंतु मनाजोगे इंजिन कोणाकडूनच मिळाले नाही. तेव्हा ते दुकानातच करायचे ठरले. हाताशी एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि हातहत्यारे एवढेच होते. रीतसर आराखडा नव्हता. एकेका भागाचे कच्चे चित्र कागदाच्या कपट्यावर काढायचे, ते टेलर यांनी आपल्या बाकासमोर अडकवायचे आणि त्याबरहुकूम भाग करायचा, अशी पद्धत होती.

सर्वांत अवघड भाग क्रँकशाफ्टचा. त्यासाठी सुमारे ३१ इंच लांब, ६ इंच रुंद आणि दीड इंचाहून थोडी अधिक जाड अशी पोलादी पाटी घेतली. तिचे वजन शंभर पौंडांच्या आसपास होते. तिच्यावर क्रँकशाफ्टची आकृती आखून टेलर यांनी रेषेच्या कडेने एकाला लागून एक भोके पाडली. मग छिन्नी-हातोड्याने नको तो भाग तोडून काढला आणि उरलेला तुकडा लेथवर चढवला. तयार क्रँकशाफ्ट १९ पौंडांचा भरला. म्हणजे पाचांतले चार हिस्से पोलाद काढून टाकावे लागले, तेही घाईत एखादी चूक झाली तर सगळे वाया, या धास्तीखाली.

क्रँककेस अॅल्युमिनियमची, स्थानिक फाउंड्रीत ओतलेली. सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास चार इंच आणि पिस्टनची धावही चार इंच. आज समजतात तसा कार्ब्युरेटर त्यात नव्हता, स्पार्क प्लगही नव्हते. वरच्या छोट्या टाकीतून पेट्रोल आपल्या भाराने खाली उतरे आणि सिलिंडरच्या आत दोन टोके एकमेकांना टेकून सुटली की ठिणगी पडे. अवघ्या सहा आठवड्यांत इंजिन उभे राहिले. फेब्रुवारी १९०३ मधल्या चाचणीत बेअरिंग जाम होऊन क्रँककेस फुटली, तेव्हा नवी ओतून घेऊन पुन्हा जुळणी केली. शेवटी इंजिनाने सुमारे बारा अश्वशक्ती दिली, मागणीच्या दीडपट. १७ डिसेंबरच्या दिवशीचे सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचे, सुमारे २६० मीटरचे होते. टेलर तेव्हा डेटनलाच होते.

१९११ मध्ये कॅल रॉजर्स यांनी 'व्हिन फिझ' विमानातून अमेरिका आडवी पार केली. त्या वारंवार मोडणाऱ्या विमानाच्या दुरुस्तीसाठी टेलर यांना रोज दहा डॉलर मजुरीवर घेतले होते. पुढे हेन्रिएटाच्या आजारपणामुळे त्यांचा कॅलिफोर्नियातला मुक्काम लांबला आणि मग ते डेटनला परतले. नंतरच्या काळात कॅलिफोर्नियातल्या जमिनीत घातलेला पैसा बुडाला, मंदीत नोकरी गेली आणि पत्नीही निवर्तली. सत्तरीच्या उंबरठ्यावर ते लॉस एंजेलिसच्या एका विमान कारखान्यात तासाला ३७ सेंटवर राबत होते. शेजारी उभ्या कामगारांना हा माणूस कोण, याचा पत्ता नव्हता. हेन्री फोर्ड यांनी त्यांना शोधून काढले आणि डिअरबॉर्नला हलवलेल्या राइट दुकानाच्या पुनर्रचनेचे काम दिले.

१९४५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि हाताचे काम कायमचे सुटले. ऑर्व्हिल यांनी मृत्युपत्रात वर्षाला ८०० डॉलर ठेवले होते, पण महागाईत ते पुरेनात. १९५५ मध्ये टेलर सरकारी इस्पितळाच्या धर्मादाय वॉर्डात असल्याचे एका बातमीदाराला कळले. मग विमान उद्योगाने पैसे उभे करून त्यांना खाजगी शुश्रूषागृहात हलवले. ही मदत वीस वर्षे उशिरा आली. ३० जानेवारी १९५६ रोजी, ऑर्व्हिल यांच्या आठव्या स्मृतिदिनीच, ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

राइट बंधू दोन असले, तरी पहिल्या विमानाचे कर्ते तीन होते. त्या तिसऱ्याच्या नावाचा पुरस्कार आज अमेरिकेचे विमान वाहतूक प्रशासन या व्यवसायात ५० वर्षे काढलेल्या मेकॅनिकांना देते.