तंजावरची डोलणारी बाहुली : सैल सांध्यांची दुरुस्ती

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरची राजगादी भोसले घराण्याकडे होती. त्यामुळे या नगराशी मराठी वाचकाचा परिचय जुना आहे. तेथील बाहुल्यांना २००८-०९ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. या बाहुल्यांचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. पहिल्या प्रकारातील बाहुलीचे बूड गोलाकार व जड असते. ती कितीही आडवी केली तरी पुन्हा उभी राहते. दुसरी नर्तकीची बाहुली होय. तिचे डोके, धड व घागरा हे सुटे भाग एकावर एक बसविलेले असतात आणि वाऱ्याच्या झुळुकेनेही ते डोलू लागतात.

नवरात्रातील कोलूच्या पायऱ्यांवर मांडण्यासाठी अशा बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात. कालांतराने एखादीची मान कलते. अशा वेळी सांधा सैल झाला असे समजून तो डिंकाने चिकटविण्याचा मोह होतो. परंतु तसे केल्यास बाहुली टिकते, तिचे नृत्य मात्र कायमचे थांबते.

याचे कारण तिच्या रचनेत आहे. आधुनिक प्लॅस्टिकच्या संग्राह्य मूर्तीचा हात उचललेला राहतो तो सांध्यातील घर्षणामुळे. तेथे सांधा सैल झाला की खोबणीत पातळ लेप देऊन घर्षण वाढविणे हाच उपाय असतो. नर्तकीच्या बाहुलीचे तत्त्व नेमके उलटे आहे. तिचा वरचा पोकळ भाग खालच्या भागातील तारेच्या आधारावर छत्रीप्रमाणे टेकलेला असतो. त्याचे बहुतेक वजन आधारबिंदूच्या खाली उतरलेले असल्यामुळे गुरुत्वमध्यही खालीच राहतो. म्हणून तो भाग कलला तरी मूळ जागी परततो. येथे घर्षण जितके कमी, तितके डोलणे दीर्घकाळ चालते. सांध्याचा सैलपणा हा या बाहुलीचा दोष नसून तिचा प्राण आहे.

तेव्हा दुरुस्तीपूर्वी दोष ओळखणे अगत्याचे ठरते. डोलणे लवकर थांबत असेल, तर तार गंजलेली असते किंवा भागांच्या कडा एकमेकींना घासत असतात. अशा वेळी गंज हलक्या हाताने काढावा व वाकलेली तार सरळ करावी. बाहुली एकाच बाजूस कलत असेल, तर आधाराची जागा झिजून सरकलेली असण्याचा संभव असतो. तेथे आतील बाजूने पातळ कागदाच्या पट्ट्या खळीने थरांवर थर चिकटवाव्यात व प्रत्येक थर सावलीत वाळू द्यावा. बाहुली मुळात कागदाचा लगदा व खळ यांचीच असल्याने हे द्रव्य तिच्याशी एकजीव होते. खळीला कीड लागू नये म्हणून कारागीर तीत मोरचूद मिसळतात; ते विषारी असल्याने मुलांच्या हाती लागू देऊ नये.

शेवटची दक्षता रंगाविषयी घ्यावी. डोक्यावर रंगाचे जाड थर चढविल्यास वजन वर सरकते आणि समतोल बिघडतो. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर तो भाग आधारावर ठेवून हलकेच हलवून पाहावा. तो न अडखळता डोलून आपल्या जागी स्थिरावला, म्हणजे दुरुस्ती यशस्वी झाली असे समजावे.