जुन्या मदरबोर्डमधील बिघाडशोध

जुना संगणक सुरू होत नसल्यास त्याच्या मदरबोर्डमधील दोष क्रमाक्रमाने तपासून निश्चित करण्याच्या प्रक्रियेस मदरबोर्डचा बिघाडशोध म्हणतात. पुढील विवेचन प्रामुख्याने २८६, ३८६ व ४८६ प्रोसेसरांच्या मदरबोर्डांविषयी आहे.

कारणे

यांपैकी अनेक मदरबोर्डांवर घड्याळ व सेटिंग्ज टिकवण्यासाठी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी डाक देऊन बसवलेली असते. कालांतराने तिच्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइडयुक्त द्राव गळतो आणि तांब्याच्या बारीक वाहिन्या खराब होतात. बॅटरी बहुधा कीबोर्डच्या जोडणीजवळ असल्याने तो भाग प्रथम निकामी होतो. रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या शहरात खारी हवा व पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे धातू अधिक वेगाने गंजतो.

तपासणीचा क्रम

वीज जोडण्यापूर्वी बॅटरी काढतात. गळतीची जागा पांढऱ्या व्हिनेगरने व नंतर शुद्ध पाण्याने पुसून मदरबोर्ड पूर्ण वाळवतात. मल्टिमीटरने ५ व १२ व्होल्टच्या वाहिन्यांमध्ये शॉर्ट आहे का, हे पाहतात. त्याचे नेहमीचे कारण बिघडलेला टँटलम कपॅसिटर हे असते. पॉवर सप्लायच्या दोन जोडण्या लावताना काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी येणे आवश्यक असते. ५ व्होल्टचा दाब ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत असावा लागतो.

त्यानंतर प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले कार्ड व स्पीकर एवढेच ठेवून संगणक सुरू करतात. रॅम काढल्यावर बीप ऐकू आल्यास प्रोसेसर व बायॉस कार्यरत असल्याचे समजते. तुटलेल्या वाहिन्या बारीक तारेने जोडता येतात.

बॅटरीची गळती संगणक बंद असतानाही चालू राहते. म्हणून चालू स्थितीतील मदरबोर्डवरूनही ती काढणे हितावह ठरते.