ज्वालामुखीचे खडे, रुळांखाली आणि भिंतीत

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात कॅप्युलिन नावाचा शंकूसारखा डोंगर आहे. सुमारे 60 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकात वायूने फसफसलेला लाव्हा उंच उडाला, हवेतच थिजला आणि विवराभोवती खड्यांचा ढीग साचला. या खड्यांना तिथे ‘सिंडर’ म्हणतात. वायूचे बुडबुडे आत अडकल्याने ते जाळीदार आणि हलके असतात. लोहाचे ऑक्सिडीकरण झाले की लालसर, नाहीतर काळे.

खणायला असा डोंगर फारच सोपा. खडे सुटे असल्याने सहसा सुरुंग लागत नाही. यंत्राने ओढायचे, चाळायचे, गाडीत भरायचे. जवळच्याच ट्विन माउंटनचे सिंडर रेल्वेमार्गाच्या खडीसाठी काढले गेले. टोकदार खडे एकमेकांत अडकतात, पावसाचे पाणी निथळते. मात्र जड मालगाड्यांखाली ते भरडले जातात, तिथे ग्रॅनाइट किंवा बेसाल्टच हवा. आपल्याकडे रुळांखाली दिसते ती दख्खनच्या घट्ट बेसाल्टची खडी. तीही लाव्हाचीच, पण भेगांतून शांतपणे पसरलेल्या.

बांधकामात मात्र सिंडरची दुर्बलता पथ्यावर पडते. सिमेंटमध्ये मिसळले की ठोकळे हलके होतात, पोकळ्यांतल्या हवेमुळे उष्णताही कमी शिरते. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला हिवाळ्यात निसरड्या रस्त्यांवर हेच खडे टाकतात.

अडचण एकच: इथे खाण डोंगरात नसते, डोंगर हीच खाण असते. कॅप्युलिनला 1916 मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, म्हणून त्याचा शंकू शाबूत आहे. ट्विन माउंटनचा बराच भाग खणून गेला.