झोपेंतून न उठणारा संगणक

सोसायटीच्या कचेरींत पूर्वीं खातेवही असे. तिच्यावरील शाई वाळली कीं नोंद कायम झाली. आतां नोंदी संगणकावर होतात. केंद्र सरकारनें २०२२ सालीं देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, आणि लहान गांवांतील सोसायट्यांच्या मेजावरहि हें यंत्र दिसूं लागलें. पुष्कळ शेतकऱ्यांनीं तें घरींहि घेतलें आहे. त्याच्या अनेक तक्रारींपैकीं एक फार त्रासदायक आहे. यंत्र झोपविल्यावर, म्हणजे ‘स्लीप’ अवस्थेंत ठेवल्यावर, तें पुन्हां जागें करतांना कोलमडतें. तिचा विचार येथें करूं.

गेल्या खरिपाच्या सुरवातीस आमच्याच कचेरींत घडलेली हकीकत सांगतों. चिटणिसांनीं सकाळपासून २३ सभासदांच्या पीककर्जाच्या मागण्या एका तक्त्यांत भरल्या, आणि जेवणास घरीं जातांना संगणक झोपविला. परत येऊन कळ दाबतांच पंखा फिरूं लागला, पडदा निळा झाला आणि यंत्र पहिल्यापासून सुरू झालें. तक्ता साठविलेला नव्हता. सारी मेहनत वायां गेली. कागदी अर्ज हातीं होते म्हणून निभावलें, तरी यादी बँकेकडे दोन दिवस उशिरां गेली, व ऐन पेरणीच्या दिवसांत सभासदांस हात हलवीत परत जावें लागलें. दुरुस्तीस आलेल्या कारागिरानें यंत्राची आंतील मुख्य फळीच बदलण्याचा सल्ला दिला. खर्चाचा आंकडा ऐकून आम्हीं आधीं दोष शोधावयाचें ठरविलें.

झोप म्हणजे काय?

झोपेंत पडदा, तबकडी व गणन करणारा भाग बंद होतात. परंतु चालू काम ज्या तात्पुरत्या स्मृतींत असतें, जिला रॅम म्हणतात, तिला थोडी वीज मिळत राहते. ती वीज तुटली कीं न साठविलेलें काम नाहींसें होतें. ‘हायबरनेट’ ह्या दुसऱ्या प्रकारांत तेंच काम आधीं तबकडीवर लिहिलें जातें आणि मग यंत्र बंद होतें. पहिला प्रकार खळ्यांत उघड्यावर ठेवलेल्या राशीसारखा, दुसरा कणगींत भरलेल्या धान्यासारखा समजावा.

जागें होतांना प्रत्येक भागास पूर्वस्थितीवर यावें लागतें. ह्या व्यवहाराचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा ह्या कंपन्यांनीं १९९६ सालीं एकत्र प्रसिद्ध केले. पुढें त्यांत भर पडत गेली. प्रत्येक उपकरणास चालविणारा एक आज्ञासंच असतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. एकाच ड्रायव्हरनें वेळेवर उत्तर दिलें नाहीं तरी सारें यंत्र अडूं शकतें. एक बैल बसला कीं दुसरा कितीहि धट्टाकट्टा असो, नांगर पुढें सरकत नाहीं, तसेंच हें आहे.

लक्षणांवरून निदान

विंडोज संगणकांत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नांवाची नोंदवही आपोआप लिहिली जाते. तींत ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद आढळल्यास यंत्र रीतसर बंद न होतां पुन्हां सुरू झालें, एवढेंच सिद्ध होतें. कारण मात्र वेगळें शोधावें लागतें. त्यासाठीं पुढील लक्षणें पाहावीं.

१. निळा पडदा न दिसतां यंत्र पहिल्यापासून सुरू झालें, आणि मधल्या वेळांत गांवची वीज गेली होती, तर प्रथम यूपीएसची बॅटरी तपासावी.

२. निळ्या पडद्यावर, विंडोजच्या नव्या आवृत्तींत काळ्या पडद्यावर, ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ अशीं अक्षरें आलीं, तर संशय एखाद्या ड्रायव्हरवर घ्यावा.

३. पंखा फिरतो पण पडदा अंधारा राहतो, तर चित्र दाखविणाऱ्या भागाचा ड्रायव्हर किंवा बायोस जुना असण्याचा संभव अधिक.

४. जागेपणींहि यंत्र मधून मधून कोलमडत असेल, तर दोष झोपेचा नव्हे. विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही चाचणी लावून रॅम तपासावी.

आम्हीं केलेला प्रयोग

खताचा प्रयोग करतांना आपण एका वाफ्यांत एकच खत बदलतों व शेजारचा वाफा जसाच्या तसा ठेवतों. बी, खत व पाणी तिन्ही एकदम बदललीं, तर उत्पन्न कशानें वाढलें हें कोणासच सांगतां येणार नाहीं. हीच रीत आम्हीं येथें लावली. सर्व जोडण्या काढून फक्त कळफलक व माऊस ठेवला आणि संगणक दहा वेळां झोपवून उठविला. दहाहि वेळां तो नीट उठला. मग छापयंत्र जोडलें. तरी तो नीट उठला. नंतर अंगठ्याचा ठसा घेणारें यंत्र जोडलें, आणि तिसऱ्याच खेपेस निळा पडदा आला. तें काढतांच दोष गेला, जोडतांच परतला. चोर सांपडला.

प्रथम त्या यंत्राचा नवा ड्रायव्हर घातला. दोष कमी झाला, पण गेला नाहीं. मग वीज वाचविण्यासाठीं तें यंत्र बंद करण्याची जी मुभा संगणकास असते, ती ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्यें जाऊन काढून घेतली. त्यानंतर सबंध हंगामांत ही तक्रार पुन्हां आली नाहीं. मुख्य फळी होती तीच आहे, आणि सोसायटीचा पैसाहि वांचला.

वाचकांस सूचना

ड्रायव्हर बदलल्यावर यंत्र ‘रीस्टार्ट’ करावें. कित्येक संगणकांत ‘शट डाऊन’ केल्यानेंहि यंत्र पूर्णपणें नव्यानें सुरू होत नाहीं. ‘फास्ट स्टार्टअप’मुळें जुन्या स्थितीचा कांहीं भाग तबकडीवर राखला जातो. बायोस बदलणें हा शेवटचा उपाय समजावा. त्या कामांत मध्येंच वीज गेल्यास यंत्र कायमचें निकामी होण्याची भीति असते. म्हणून चांगल्या यूपीएसवांचून त्यास हात लावूं नये.

जेथें विजेचा भरंवसा नाहीं, तेथें मेजावरील संगणकास झोपेऐवजीं हायबरनेटची संवय लावणें श्रेयस्कर. यादींत तो पर्याय दिसत नसल्यास कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्यें शोधावा. आणि कोणताहि प्रकार असो, जागेवरून उठण्यापूर्वीं काम साठवावें. कितीहि निर्दोष यंत्र असलें तरी हा नियम सोडूं नये. खळ्यावरून घरीं जाणारा शेतकरी आभाळ निरभ्र असलें तरी रास झांकूनच जातो.