क्षार : नाव एक, द्रव्ये अनेक



बार्शीटाकळीतील माझ्या चिकित्सालयात दहावीतील एका विद्यार्थिनीने मला एकदा विचारले, "डॉक्टरसाहेब, आमच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार तयार होतो, म्हणजे मिठासारखा. मग तुमचा क्षार मूळव्याधीचा कोंब कसा जाळतो?"

प्रश्न मार्मिक होता. शालेय विज्ञानात 'क्षार' म्हणजे लवण, तर पाण्यात विरघळणारी आम्लारी ती 'अल्क'. आपल्या शास्त्रात क्षरण करणारा तो क्षार, म्हणजे गुणाने अल्कच. शब्द एक, अर्थ मात्र जवळजवळ उलट.

हा केवळ शब्दभेद नाही. एकदा मी आम्लपित्ताच्या रुग्णासाठी यवक्षार मागविला. पुडीवर नावाखेरीज काहीच नव्हते. चव थंड व खारट लागली म्हणून शंका आली. लिंबाच्या रसात तो फसफसला नाही आणि निखाऱ्यावर टाकताच भडकला. तो सोरा होता! दुकानदारालाही तो याच नावाने मिळाला होता. कार्बोनेट आम्लाचे शमन करते, नायट्रेट करीत नाही. रुग्णाला अपेक्षित गुण आला नसता आणि दोष मात्र शास्त्रावर गेला असता.

येथे रासायनिक सूत्र उपयोगी पडते (सूत्रे उच्चारानुसार देवनागरीत देत आहे). पोटॅशियमची संयुजा १, कार्बोनेटची २. म्हणून यवक्षाराचा मुख्य घटक के२सीओ३. नायट्रेटची संयुजा १; म्हणून सोरा केएनओ३. सर्जिक्षारात मुख्यतः एनए२सीओ३, तर खाण्याचा सोडा एनएएचसीओ३. कळीचा चुना सीएओ. तो विझविला की सीए(ओएच)२. नवसादर एनएच४सीएल. टंकण एनए२बी४ओ७ व त्यासोबत पाण्याचे १० रेणू. लाही करताना हे पाणी निघून जाते. वनस्पतिज क्षार मिश्रणरूप असतात, म्हणून त्यांचे सूत्र मुख्य घटकाचेच समजावे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ११ वा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. राखेच्या क्षारजलात भाजलेली चुनखडी, शंख मिसळण्याचा विधि तेथे आहे. आजच्या भाषेत तो असा :

के२सीओ३ + सीए(ओएच)२ → २केओएच + सीएसीओ३

सौम्य कार्बोनेटाचे दाहक हायड्रॉक्साइड झाले. क्षारदग्ध स्थानी कांजीसारख्या अम्ल द्रव्याने शमन करण्याचा आदेशही त्याच अध्यायात आहे, हेच उदासिनीकरण. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या विधीची आवर्जून दखल घेतली.

म्हणजे त्या मुलीचा क्षार आणि सुश्रुताचार्यांचा क्षार यांत विरोध नाही. पहिला आम्लाशी संयोग होऊन शांत झालेला, दुसरा अजून संयोगाची वाट पाहणारा. तिला मी केओएच हे सूत्र लिहून दिले. "म्हणजे हा अल्क!" असे म्हणून ती समाधानाने गेली.

औषधविक्रेत्या बंधूंना नम्र विनंती आहे की, प्रत्येक बरणीवर संस्कृत नाव, रासायनिक नाव व सूत्र अशा तीन ओळी लिहाव्यात. वैद्यांनीही चिठ्ठीवर नुसते 'क्षार' वा 'सोडा' लिहू नये. यवक्षार आला की चिमूटभर घेऊन त्यावर लिंबू पिळावे. फसफसला नाही, तर तो माल परत करावा.